ओटीपीसाठी वडाला फेऱ्या

वाईचे मामा अहमदाबादला जाऊन आले. साबरमतीचा बांधलेला काठ, 2022 साली झालेला अटल पूल, सगळं पाहिलं. "आता तुमच्या मुंबईची नदी दाखव."

दाखवली. वांद्रे-कुर्ला संकुलाजवळच्या पुलावर रिक्षा थांबवली. "ही मिठी. विहार-पवईच्या तलावांतून निघते, माहीमला समुद्राला मिळते," मी अभिमानानं म्हणालो. मामांनी नाकाला रुमाल लावला. "बरं. पण नदी कुठाय?"

दहिसर, पोयसर, ओशिवरा अशा आणखी तीन नद्या शिल्लक होत्या, पण धीर झाला नाही. म्हणून नव्या व्ह्यूइंग गॅलरीवर नेलं. कुठली ते सांगत नाही. आत कावळे दोन, माणसं तीन.

"बुकिंग?" वॉचमन.

"इथंच काढतो की. हे घ्या पैसे."

"पैशाचं काय करू? ऑनलाइन करा. आणि सहाचा स्लॉट फुल आहे."

"आत तर कुणी नाही!"

"बुकिंग केलेले आलेच नाहीत."

मामा पुढे झाले. "म्हणजे जे आले नाहीत ते आत, आणि आम्ही आलो म्हणून बाहेर?"

"बरोब्बर!" दिवसभरात एक तरी समजूतदार माणूस भेटला, असा त्याचा चेहरा.

सातचा स्लॉट होता. म्हणजे सूर्य घरी गेल्यावर. तेही चाललं असतं, पण मोबाइलला रेंज नाही. "त्या वडाखाली जा, तिथं ओटीपी येतो." वडाखाली चार बाप्ये मोबाइल उंच धरून गोल फिरत होते. मीही लागलो फेऱ्या मारायला. आमच्या हिला कळलं तर सात जन्मांचा फेरविचार करील.

हसू येतं, पण डोकंही फिरतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा हीच मिठी कुर्ल्यात आमच्या तळमजल्यावर कमरेइतकी उभी होती. आईची शिवणाची मशीन गेली ती गेलीच. नदीला आत यायला स्लॉट लागला नाही, मला साधा वारा खायला लागतो. अजून दरवर्षी तिचा गाळ काढतात, आणि काढलेला गाळ गेला कुठं यावर भांडतात.

चौथ्या फेरीला मेसेज आला. पर्सनल लोन मंजूर.

मामा एव्हाना फुटपाथच्या कडेला बसून शेंगा सोलत होते. कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीसमोर बसतात, तसेच. वॉचमन घुटमळत आला आणि त्यानं हळूच हात पुढे केला.

"बुकिंग?" मामांनी विचारलं.

दिल्या मग मूठभर.