अंतुले म्हणजे नुसतं सिमेंट? त्या फॉरवर्डला उत्तर

सध्या म्हसळा, श्रीवर्धन, माणगावच्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, बहुतेकांना आलाच असेल. थोडक्यात मजकूर असा की बॅरिस्टर अंतुले लोकांतून कधी निवडूनच आले नाहीत, दिल्लीने बसवलेला मुख्यमंत्री, कोकणासाठी शून्य काम, सिंधुदुर्ग जिल्हा नारायण राणेंनी आणला, सिमेंट प्रकरणात आमदारकीच्या कवचामुळे सुटले आणि मग जनतेने कायमचं घरी बसवलं. मी काही अंतुलेंचा भक्त नाही, आमच्या घरात पहिल्यापासून शेकापचं (शेतकरी कामगार पक्षाचं) वारं, पण टीका करायची तर नीट करा ना.

निवडून आले नाहीत म्हणे! १९६२ ला आमदार झाले ते १९७६ पर्यंत विधानसभेत, मधे मंत्रीही होते, मग राज्यसभा, १९८० ला परत विधानसभेत ते १९८९ पर्यंत. यावर लगेच "मोहल्ल्यांच्या मतांवर" (म्हणजे मुसलमानांच्या) असं ऐकवणारे असतातच. पण १९८९, ९१ आणि ९६ असं तीनदा लागोपाठ त्यांनी कुलाबा (म्हणजे आपल्या रायगडची) लोकसभा मारली, तिथे आगरी, कुणबी, कोळी, मराठा सोडून नुसत्या मोहल्ल्यांवर कोण खासदार होतो ते एकदा आकडेमोड करून दाखवाच.

दिल्लीने बसवलं हे मात्र खरं, नाकारायचं कशाला. इंदिराबाईंच्या पडत्या काळात हा माणूस पक्षाचा सरचिटणीस म्हणून त्यांच्याबरोबर राहिला, त्याचं बक्षीस जून १९८० मध्ये मिळालं. पण काँग्रेसचा कुठला मुख्यमंत्री तेव्हा दिल्लीला न विचारता होत होता? त्यांच्यानंतर आलेले बाबासाहेब भोसले पण तिथूनच ठरून आले.

आता सिंधुदुर्ग. जिल्हा झाला १ मे १९८१ ला, मुख्यमंत्री अंतुले. राणे पहिल्यांदा आमदार झाले १९९० ला, त्यामुळे त्यांनी पुढे जिल्ह्यात काय केलं न केलं तो वेगळा विषय, पण जिल्हा त्यांनी आणला हे गणित बसत नाही. आणि ही गोष्ट छोटी नव्हती हो. त्याआधी बांदा-सावंतवाडीकडच्या माणसाला कलेक्टर ऑफिसचं काम निघालं की थेट रत्नागिरी, एसटीत अंग आंबवत जायचं आणि गेल्यावर कळायचं की साहेब दौऱ्यावर, म्हणजे कुणाकडे तरी वस्ती आली, परत सकाळी त्याच टेबलासमोर. ओरोसला जिल्ह्याचं ठिकाण झाल्यावर हे संपलं. जालना जिल्हाही त्याच दिवशीचा, हायकोर्टाचं औरंगाबाद खंडपीठ त्याच वर्षीचं, आणि कुलाब्याचं रायगड हे नाव १ जानेवारी १९८१ पासून, तेही याच आंबेतच्या मुसलमान बॅरिस्टरच्या काळात. संजय गांधी निराधार योजनाही त्यांच्याच कारकिर्दीतली. आजही कुठल्याही तहसीलला जा, उत्पन्नाचा दाखला आणि हयातीचा दाखला पिशवीत घालून म्हाताऱ्या बायका बसलेल्या असतात, त्यातल्या एकीला विचारा शून्य काम म्हणजे काय.

सिमेंट. इथे मी अंतुलेंची बाजू घेणार नाही. तेव्हा सिमेंट कंट्रोलमध्ये होतं, घर बांधायचं तर सरकारी परमिट, आणि बिल्डरांना जादा कोटा मिळतो व त्यांच्याकडून इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानसारख्या ट्रस्टना देणग्या जातात, असं अरुण शौरींनी इंडियन एक्सप्रेसमध्ये ऑगस्ट १९८१ ला छापलं. १२ जानेवारी १९८२ ला हायकोर्टाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणग्या आणि कोट्याचा संबंध आहे असाच निकाल दिला आणि राजीनामा द्यावा लागला, बरोबरच झालं. (गंमत म्हणजे पुढच्याच महिन्यात केंद्राने सिमेंटवरचा कंट्रोल अर्धामुर्धा उठवला.) पण "आमदार म्हणून सुटले" हे साफ उलटं आहे. पुढे त्यांच्यावर झालेल्या भ्रष्टाचाराच्या खटल्यात मुद्दा निघाला होता की आमदार हा लोकसेवक, म्हणून खटला चालवायला आधी परवानगी घ्या, तर १९८४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आमदार हा पीनल कोडच्या व्याख्येतला लोकसेवक नाहीच, ते कवच चालणार नाही. वकिलांना हा निकाल पाठ असतो. शिवाय खटला स्पेशल जजकडून काढून हायकोर्टाकडे दिला. दिलासा मिळाला तो १९८८ ला, सात न्यायमूर्तींच्या बेंचने बहुमताने म्हटलं की असं वर्ग करणं आमचंच चुकलं, आरोपीचा अपिलाचा हक्क जातो. म्हणजे मुद्दा खटला कुठल्या कोर्टात चालवायचा याचा होता, आमदारकीचा नाही. दोषी मात्र ते शेवटपर्यंत ठरले नाहीत, तेव्हा "शिक्षा झाली" लिहिणाऱ्यांनी पण जरा दमानं घ्यावं.

आणि कायमचं घरी बसवलं? १९८२ नंतरची यादी वर दिलीच आहे. १९९५ ला केंद्रात आरोग्यमंत्री, १९९८ ला आमच्या शेकापच्या रामशेठ ठाकूरांनी पाडलं (तेव्हा घरात पेढे वाटलेले), २००४ ला परत खासदार, २००६ ला अल्पसंख्याक खात्याचे मंत्री. खरंच घरी बसले ते २००९ ला, शिवसेनेच्या अनंत गीतेंनी हरवल्यावर, वयाच्या ऐंशीत. त्याच्या आधीच्या डिसेंबरमध्ये २६/११ च्या हल्ल्यात गेलेल्या पोलीस अधिकारी हेमंत करकरेंच्या मृत्यूबद्दल शंका घेत ते संसदेत जे बोलले त्यावरून त्यांना झोडायचं असेल तर खुशाल झोडा, तो माल खरा आहे, फॉरवर्डवाल्याने नेमका तोच सोडलाय.