हलकं म्हणे!

आज एका श्रवणसत्राला गेले होते. विषय हंगेरीचं संगीत. संगीतकार बार्टोकवर तासभर, कोडायवर अर्धा तास. आणि काल्मान? "तो ऑपेरेटावाला. हलकंफुलकं." (ऑपेरेटा म्हणजे गाणी, नाच आणि संवाद असलेलं संगीतनाटक.) सभागृहात खसखस पिकली. तिथे गप्प बसले, म्हणून आता इथे लिहितेय.

अहो, इम्रे काल्मान बुडापेस्टच्या अकादमीत याच दोघांबरोबर शिकला! तिघांचे गुरुजी एकच, हान्स कोएस्लर. काल्मानला व्हायचं होतं पियानोवादक, पण हाताच्या दुखण्यानं ते राहिलं.

बुडापेस्टला मी त्याची 'चारदाशची राणी' ही ऑपेरेटा पाहिली, तेव्हा शेजारी एक आजी होत्या. मला हंगेरियन येत नाही, त्यांना इंग्रजी. चारदाश हा हंगेरीचा नाच, आधी रेंगाळतो आणि मग उधळतो, तसतशी आजींची बोटं पर्सवर चालत होती. सगळी गाणी ओठांतल्या ओठांत. मध्यंतरात त्यांनी माझ्या हातावर एक लिंबाची गोळी ठेवली.

गोष्ट बाळबोध आहे, मान्य. कॅबरेतल्या गायिकेवर राजपुत्राचं प्रेम, घराण्याची नाकं मुरडलेली. शेवटी कळतं, राजपुत्राची आईच एकेकाळी असली गायिका होती! आजी तेव्हा इतक्या हसल्या, जणू पहिल्यांदाच ऐकतायत. आजच्या वक्त्यांना त्यांच्या शेजारी बसवायला हवं होतं.

आणि हे रंगमंचावर आलं कधी? नोव्हेंबर १९१५, व्हिएन्ना. महायुद्ध पेटलेलं, पोरं आघाडीवर. तेव्हा लोकांना हसवणं हलकं काम? करून दाखवा.

पुढचं लिहिताना मात्र राग ओसरतोय. काल्मान ज्यू. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया हिटलरनं गिळला आणि याला 'मानद आर्य' करून घ्यायची तयारी दाखवली. यानं नाही म्हटलं. पॅरिस, मग १९४० मध्ये अमेरिका. जर्मनीत त्याच्या ऑपेरेटांवर बंदी. 'राणी'च्या दोन लेखकांपैकी बेला येनबाखही ज्यू. तो व्हिएन्नातच लपून राहिला आणि १९४३ मध्ये तिथेच वारला. काल्मान युद्धानंतर युरोपात परतला, १९५३ मध्ये पॅरिसमध्ये गेला.

बार्टोक थोर आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच्या मैफलीत मला कुणी गोळी दिलेली नाही.

थिएटरबाहेर फुटपाथवर काल्मानचा पुतळा आहे, बाकावर आरामात बसलेला. खेळ सुटल्यावर आजी त्याच्यापाशी थांबल्या, त्याच्या गुडघ्यावर दोनदा थोपटलं, कोटाची बटणं लावली आणि लगबगीनं निघून गेल्या.