बांगडी सगळीकडं २.६, मग कुर्ता कामून नाही?

आज परत तेच झालं आणि आता माझं डोकं फिरलंय, त्यामुळं जरा लांबड लागंल, ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

पुतण्याचं लग्न दहा दिवसांवर आलंय. सख्ख्या दिराचा पोरगा, म्हणजे डोकं दुखतंय म्हणून घरी बसायची पण सोय नाही. तर आज जेवणाच्या सुट्टीत पतसंस्थेतून पळत गोलाईत गेले. आता लातूरच्या माणसाला गोलाई काय सांगायची, १९१७ साली आखलेला गोल बाजार, सोळा रस्ते फुटतात तिथनं, कापडाची दुकानं तर मोजू नका. त्या सोळा रस्त्यांपैकी एकावरही मला बसेल असं काही मिळालं नाही. पहिल्या दुकानात पोरगं म्हणतंय, "काय बघलालाव ताई?" म्हणलं कुर्ता दाखव, कॉटनचा. त्यानं मला वरून खाली बघितलं आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं वर माळ्यावर ओरडला, "अय, आंटीसाठी डबल एक्सेल टाक!" ताईची आंटी व्हायला दहा सेकंद लागले बघा. बाजूला माझ्या शाखेतली एक खातेदार बाई उभी, ती पण वळून बघायली.

बरं आला तो डबल एक्सेल. ट्रायल रूम म्हणजे गोडाऊनचा कोपरा, पुढं एक पडदा, तो पण अर्धा, आत खोकी रचलेली आणि आरसा बाहेर. कुर्ता डोक्यातून घातला, छातीवर येऊन अडकला. खाली जाईना, वर येईना, दोन्ही हात वर, तोंड कापडात, आणि त्याच वेळी त्या वाफा सुरू. ज्यांना येतात त्यांना कळंल. पोटातून निघून मानेपर्यंत असा जाळ येतो की आपण चुलीवर बसलोय. बाहेर ४२ डिग्री, आत पंखा नाही, अंगावर पॉलिस्टर (कॉटन म्हणून दाखवलेलं). दोन मिनिटं मी तशीच उभी होते, शरण आल्यासारखी. मग कुठंतरी टर्रर्र आवाज आला. बगलेतली शिवण गेली. मुकाट बाहेर आले, घडी घालून दिला, निघाले. हो, सांगितलं नाही मी त्याला. आंटी म्हणाला ना, बघ आता.

मला राग कशाचा येतो सांगते. मी जाड झाले याचा नाही. म्हणजे येतो, पण तो वेगळा. मी ४८ ची आहे, पाळी दीड वर्ष झालं आज येते उद्या येते करत लपाछपी खेळतीय, अंग बदलणारच. माझ्या डॉक्टरबाईंनी नीट समजावलं, इस्ट्रोजेन कमी व्हायला लागलं की चरबी मांड्या-कंबर सोडून पोटावर येऊन बसते, आणि वयामुळं स्नायू कमी होतात म्हणून तेवढीच भाकरी खाल्ली तरी खर्च कमी होतो. शेवटच्या पाळीनंतर सलग बारा महिने काही आलं नाही की मग म्हणायचं पाळी गेली, तोवर हे असंच चालायचं. थायरॉइडची टेस्ट करून घेतली, टीएसएच नॉर्मल. म्हणजे आजार नाही, वय आहे. बरं, कळलं, मान्य केलं. पण हे सगळं माझ्या शरीराला कळतंय, मला कळतंय, फक्त कपडे शिवणाऱ्याला कळत नाही का? या वयातल्या बायका काय दोन-चार आहेत का? आमच्या एका शाखेत सातपैकी चार बायका याच वयाच्या आहेत आणि चौघींचं हेच गाऱ्हाणं आहे.

त्यांचं डोकं कसं चालतंय बघा. साईज मोठी म्हणजे सगळंच मोठं. एलचं डबल एक्सेल करायचं तर छाती वाढव, खांदा वाढव, गळा वाढव, लांबी वाढव. अरे पण माझे खांदे पंचविशीत होते तेवढेच आहेत! वाढलंय ते पोट आणि दंड. त्यामुळं जो कुर्ता पोटावर बसतो तो खांद्यावरून घसरतो, गळा एवढा खाली की वाकून व्हाउचरवर सही करायची सोय नाही, आणि जो खांद्याला नीट बसतो त्याची बाही दंडात अशी रुततीय की संध्याकाळी वळ उठतात. मुंढा नावाची गोष्ट असते, तिथं हात हलतो, हे रेडीमेडवाल्यांना कुणीतरी जाऊन सांगा.

आणि साईज तरी एक आहे का? एका दुकानात मी एक्सेल, शेजारच्या दुकानात डबल एक्सेल, ऑनलाइनवर थ्री एक्सेल, आणि एका ठिकाणी फ्री साईज. फ्री साईज! हा शब्द ज्यानं काढला त्याला एकदा तो गाऊन घालून आमच्या गल्लीतून फिरवला पाहिजे. उलट कासाराकडं जा. बांगडी २.६ म्हणजे २.६. लातुरात, तुळजापुरात, परळीत, हैदराबादला चारमिनारपाशी, कुठंही जा, २.६ म्हणलं की तीच बांगडी निघते. हात भरला तर २.८. कासारीण कधी म्हणत नाही बाई तुम्ही जाड झालाव, ती साबण लावते, हात दाबते, चढवते, आणि नाहीच चढली तर गपचूप पुढचा नंबर काढते. काचेच्या बांगडीला जे जमतं ते पाचशे-हजाराच्या कुर्त्याला जमत नाही?

मध्ये वाचलं होतं की सरकारनं निफ्टकडून (फॅशनचं शिक्षण देणारी सरकारी संस्था) भारतीय मापांचा सर्व्हे करायला घेतला, २५ हजारावर लोक, १५ ते ६५ वयाचे, थ्रीडी स्कॅनरनं मापं, कारण आपल्याकडं कंपन्या अमेरिका-इंग्लंडच्या मापाच्या तक्त्यातच कमीजास्त करून कपडे काढतात. वाचून बरं वाटलं. मग शहरं बघितली. दिल्ली, मुंबई अशी सहा शहरं. मराठवाड्यात स्कॅनर घेऊन कोण येतंय. इथं दुकानदाराची नजर हाच स्कॅनर.

आतल्या कपड्यांचं तर बोलायलाच नको. पण बोलते. काउंटरवर बाप्या माणूस, बाजूला त्याचा मुलगा, आणि आपण हळू आवाजात नंबर सांगायचा, मग तो बघून म्हणणार "नाही, तुम्हाला अडतीस लागंल". तुला काय माहीत रे? घेर वेगळा, कप वेगळा, त्याच्याकडं एकच खोकं. मग आपण ते गपचूप पिशवीत घालून घरी, आणि घरी पट्टा पाठीत रुतला तरी बदलून घ्यायला जायची हिंमत नाही. वर भिंतीवर पाटी, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही, रंगाची व फॅशनची गॅरंटी नाही. मापाची पण नाही हे तेवढं लिहायचं राहिलं.

लोक म्हणतील साडी नेसा की, साडीला कुठं साईज. साडीला नाही हो, ब्लाऊजला आहे! माझ्या आजीला हा प्रश्नच नव्हता. नऊवारी इरकली लुगडं आणि खणाची चोळी, पुढं गाठ. अंग भरलं तर गाठ जरा सैल, वाळलं तर घट्ट. सहा बाळंतपणं झाली तिची, चोळीचं माप म्हणून तिनं कधी एक पैसा दिला नाही. आपण शहाणे झालो, हूक लावले.

माझ्या कपाटात १९ ब्लाऊज आहेत. परवा रात्री सगळे गादीवर काढून बसले. त्यातले ११ आमच्या जुन्या टेलरमामांनी शिवलेले. ते आत दोन्ही बाजूंनी भरपूर माया, म्हणजे शिवणीत जास्तीचं कापड, सोडायचे, तीन-तीन टिपा मारून द्यायचे आणि म्हणायचे, पुढंमागं एक टीप उसवा. त्या अकरा ब्लाऊजनी मला दहा वर्षं तारलं. बाकीचे आठ नव्या बुटीकचे. प्रिन्सेस कट, पाठीला लटकन, शिलाई अस्तरासकट ४५०, फिटिंग एकदम हिरोईनसारखं, आणि आतून बघितलं तर माया शून्य. ओव्हरलॉक करून कापून टाकलेलं. मी विचारलं, बाई आत काही सोडलं नाही का, तर ती पोरगी म्हणते, "मॅम, माया ठेवली की फिनिशिंग येत नाही." अगं लेकरा, अजून वीस वर्षांनी भेट मला, तुझ्या फिनिशिंगचं बोलू.

टेलरमामांचं दुकान आता बंद आहे, डोळ्यांना दिसत नाही त्यांना. त्या अकरातलीही शेवटची टीप यंदा उसवून झाली.

आणि नवीन शिवायचं म्हणलं तर पीस. साडीला जोडून येतो तो ८० सेंटीमीटर. ओटीत, हळदीकुंकवात, आहेरात येतात ते पण ८०. कोपरापर्यंत बाही पाहिजे म्हणलं की टेलर मान हलवतो, "मीटर लागतंय ताई." म्हणजे पाच हजाराची साडी घेतली तरी तिचा स्वतःचा ब्लाऊज मला होत नाही, वेगळं टू बाय टूचं साधं कापड आणायचं, रंग जुळवत पाच दुकानं फिरायची, आणि तो सुंदर काठाचा पीस कपाटात पडून. २० सेंटीमीटर वाढवले तर साडीवाल्याचं काय दिवाळं निघतंय? साडेपाच मीटर साडी देता, तिथं हात आखडत नाही, इथंच कशाला?

आता पैशाचं. मी दिवसभर दुसऱ्याचा हिशोब लिहिते, म्हणलं स्वतःचा पण लिहू. दसऱ्यापासून आजपर्यंत: चार कुर्ते २८९८, रेडीमेड स्ट्रेचेबल ब्लाऊज दोन ९००, लेगिंग तीन ७५०, अकरा ब्लाऊज उसवून घेतले ६६०, ऑनलाइनचा एक टॉप ४९९ (परत घेतला नाही, म्हणे सेलचा माल), आणि एक ड्रेस २२००. एकूण ७९०७. यातलं अंगावर चढतंय काय? एक ७९९ चा कुर्ता, लेगिंग आणि उसवलेले ब्लाऊज. बाकी ५६९८ रुपये कपाटात घडी घालून ठेवलेत. महिन्याला ५०० ची आरडी भरते मी, वर्षाचे ६०००. म्हणजे जवळजवळ वर्षभराची आरडी न बसणाऱ्या कपड्यात गेली, आणि त्यावर व्याज पण नाही.

त्या २२०० च्या ड्रेसचं सांगतेच, कारण इथं दुकानदाराची काही चूक नाही, माझीच आहे. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी उतरला ना, २५०० पर्यंतच्या कपड्याला ५ टक्के, सगळीकडं पाट्या लागल्या स्वस्त स्वस्त म्हणून. तिथं एक राणी रंगाचा ड्रेस दिसला. एल होता. मला माहीत होतं मला एल होत नाही. तरी घेतला. तीन-चार किलो कमी झाले की घालीन म्हणून. मी! जी लोकांना काउंटरवर सांगते की काकू, गरज नसंल तर कर्ज काढू नका. तो ड्रेस अजून टॅगसकट आहे आणि कपाट उघडलं की माझ्याकडं असा बघतो जसा वसुलीवाला बघतो. त्या दिवशी ननंद येऊन गेली होती सकाळी, दारातच म्हणाली, "लई सुटलीस की गं!" चहा पण पिला नव्हता तिनं अजून. मी हसले, चहा केला, पोहे केले, आणि संध्याकाळी जाऊन एल साईजचा ड्रेस आणला. राग कुणाचा होता आणि पैसे कुणाचे गेले बघा.

आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "मग नवीन घे की, मी कधी नाही म्हणलो का?" आवो, नाही म्हणायचा प्रश्नच नाही! घ्यायला मिळंल तर घेईन ना! ह्यांचं पोट माझ्यापेक्षा पुढं आहे, पण शर्ट? ४२ नंबर सांगितला, पाकीट उचललं, पाच मिनिटांत दुकानाबाहेर. पँटची कंबर वाढली तर टेलर मागून उसवून देतो, कारण पुरुषांच्या पँटला मागं माया असतेच, वर्षानुवर्षं. त्यांचं पोट सुटणार हे सगळ्यांनी धरूनच चाललंय. आमचं मात्र कुणी धरलेलं नाही.

आता ठरवलंय, कापड मीटरनं घेणार, धुतलेलं कॉटन, आणि गल्लीच्या टोकाला एक बाई घरी शिवते तिच्याकडं टाकणार. तिला परवा विचारलं, माया सोडशील का, ती म्हणाली दोन-दोन इंच सोडते वैनी. तिच्याकडं लग्नसराईमुळं रांग आहे, नंबर येणार लग्नानंतर आठ दिवसांनी. राणी रंगाचा ड्रेस भाचीला देणार होते, तिला पण एल होत नाही, एम लागतो, आता काय करायचं त्याचं.

तर लग्नात जुनाच मोरपंखी ब्लाऊज, वरचे दोन हूक लागत नाहीत, खाली तीन सेफ्टी पिना. लग्नाच्या फोटोत माझा पदर दोन्ही खांद्यावरून घेतलेला दिसला तर कुणी म्हणू नका की किती सोज्वळ दिसतीय, आणि जेवणाच्या पंगतीत मला आग्रह करायला तर अजिबात येऊ नका.