अळशीच्या अंड्याने कोलेस्टेरॉल शून्य होत नाही. मावशी, गोळ्या परत सुरू कर

गेल्या मंगळवारी रात्री मालवणहून मावसभावाचा फोन आला. मावशीने तीन आठवडे हृदयाच्या गोळ्या घेतलेल्याच नाहीत. दोन वर्षांपूर्वी तिच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलाय. एक गोळी कोलेस्टेरॉलची, एक रक्त पातळ ठेवणारी, दोन्ही बंद. भावाने विचारलं तर म्हणाली, "गोळये आता कित्याक? अंड्यातच औषध आसा." मी फोन केला तर मलाच म्हणते, "तू कोंबडे पाळतंस ना, मगे तुकाच म्हायत आसाक होया."

पाळते. कुडाळजवळ आमच्या परसात साठ-सत्तर कोंबड्या आहेत, गावठीही आणि गिरिराजही. त्यांचं खाद्य मी स्वतः मिसळते. म्हणून तिने पाठवलेला तो व्हॉट्सॲपचा ऑडिओ मी तीनदा ऐकला. आमच्या वाडीतल्या महिलांच्या गटातही तो दोनदा फिरून गेला आहे, त्यामुळे उत्तर एकट्या मावशीला देऊन भागणार नाही.

त्यात बोलणारा माणूस सांगतो ते थोडक्यात असं. कोंबडीला निम्मं खाद्य अळशीचं द्या. पंधरा दिवसांत अंड्यातलं कोलेस्टेरॉल शून्य होतं आणि त्या जागी ओमेगा भरतं, म्हणजे ओमेगा ३, हृदयाला चांगली म्हणतात ती चरबी. अशी चार अंडी रोज खाल्ली की हृदयाच्या गोळ्या लागत नाहीत. बलक हिरवट दिसला किंवा अंड्याला माशाचा वास आला, की ओमेगा पुरतं भरलं असं समजा. अळशी परवडत नसेल तर सरकी, शेंगदाणा, मोहरी, कुठलीही पेंड चालते, बुरशी आलेली असली तरी उन्हात वाळवून घाला. आणि हे सगळं डॉक्टर आणि औषध कंपन्या लपवून ठेवतात.

आधी कोलेस्टेरॉल, कारण मावशीचा जीव त्याच्यावर टांगलाय.

मोठ्या आकाराच्या एका अंड्यात साधारण १८६ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं आणि ते सगळं बलकात असतं. ते कोंबडीच्या खाण्यातून येत नाही. अळशीत, मक्यात, तांदळाच्या कणीत कोलेस्टेरॉल नसतंच. कोंबडी ते स्वतःच्या यकृतात तयार करते, चरबीच्या बारीक कणांत भरते आणि रक्तावाटे वाढणाऱ्या बलकात पोचवते. कशासाठी? बलक हे पिल्लाचं अन्न आहे. एकवीस दिवसांत त्या एवढ्याशा जागेत मेंदू, मज्जातंतू, पेशींची आवरणं घडायची असतात आणि त्याला कोलेस्टेरॉल लागतं. ते शून्य झालं तर पिल्लू घडणार कशातून? म्हणून कोंबडीचं शरीर त्यात फारशी तडजोड करत नाही. खाद्य बदलून हा आकडा थोडाफार खालीवर होतो, शून्याच्या जवळपासही जात नाही. अळशीच्या अंड्यात कोलेस्टेरॉल आहे, आणि चार अंड्यांत ते साडेसातशे मिलिग्रॅमच्या आसपास जातं.

निरोगी माणसाने रोज एक अंडं खाल्लं तर आभाळ कोसळत नाही, हे मला मान्य आहे. आपल्या रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलंच यकृत बनवतं. पण गोळी नेमकी तिथेच काम करते, यकृतात कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या एका पायरीला आवर घालते. अंडं ते काम करत नाही, मग कोंबडीने अळशी खाल्लेली असो की भात. आणि दुसरी गोळी, रक्त पातळ ठेवणारी, तिचा तर कोलेस्टेरॉलशी संबंधच नाही. स्टेंट ही धातूची जाळी आहे. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून ती गोळी देतात. गुठळी धरली तर थेट हृदयविकाराचा झटका येतो. ती गोळी कधी थांबवायची हे तो स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं असतं. ज्याने मावशीची नाडीही पाहिलेली नाही, अशा माणसाने चार मिनिटांच्या ऑडिओत सांगायची ही गोष्ट नव्हे. ऑडिओतली बाकीची सगळी वाक्यं खरी असती तरी एवढ्या एका वाक्यासाठी मी तो पुढे पाठवला नसता.

आता जे खरं आहे ते नाइलाजाने का होईना, सांगते. कोंबडी जे तेल खाते त्याचा ठसा बलकात उमटतो. बलकातली एकूण चरबी फारशी बदलत नाही, ती चरबी कुठल्या प्रकारची आहे ते बदलतं. आर्टेमिस सिमोपुलोस आणि नॉर्मन सेलम या दोघा संशोधकांनी १९८९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात ग्रीसमधल्या मोकाट चरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांवर एक पत्र लिहिलं आणि १९९२ साली त्याच कामाचा पुढचा भाग छापला. अमेरिकेतल्या दुकानातल्या अंड्यात ओमेगा ६ ही दुसऱ्या जातीची चरबी ओमेगा ३ च्या वीसपटीच्या घरात होती. ग्रीक अंड्यात ते प्रमाण १.३ होतं, आणि अळशी घातलेल्या खाद्यावरच्या कोंबड्यांच्या अंड्यात १.६. फरक मोठा आहे, नाकारण्यात अर्थ नाही. मला त्यातली सगळ्यात लक्षात राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. त्या ग्रीक कोंबड्या गवत, किडे यांच्याबरोबर जी रानभाजी खात होत्या ती म्हणजे आपली घोळ. पाऊस सुरू झाला की आपल्या मळ्यात, बांधावर उगवते तीच. आपण ती उपटून टाकतो. मी आता कोंबड्यांना टाकते.

पंधरा दिवसांची गोष्टही अर्धी बरोबर आहे. एका बलकात मुख्य भर पडायला आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे खाद्य बदललं की दोन-तीन आठवड्यांत बलकातली चरबी नव्या खाद्याप्रमाणे येते. फक्त चरबी. कोलेस्टेरॉल नव्हे.

पण "निम्मं खाद्य अळशी" हे ज्याने सांगितलं त्याने कधी कोंबडी पाळलेली नाही, हे मी खात्रीने सांगते. अंड्यासाठी पाळलेल्या कोंबडीला अळशी शेकडा दहापर्यंत देतात, त्यापुढे गेलं की त्रास सुरू होतो. अळशी भिजली की तिचा बुळबुळीत चिकट पदार्थ सुटतो, त्याने कोंबडीची विष्ठा पातळ होते, खुराडं ओलं राहतं आणि अंडी माखतात. कच्च्या अळशीत लिनामारिन असतं, त्यातून सायनाइड सुटतं. लिनाटिन नावाचा दुसरा एक घटक बी-६ जीवनसत्त्वाच्या आड येतो. आपल्या आज्या चटणीसाठी अळशी भाजूनच घ्यायच्या, त्याचा यात फायदाच होतो. शिवाय कॅल्शियमचा हिशेब बघा. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागतं, कारण एका कवचातच दोन ग्रॅमहून अधिक जातं. अळशीत ते पाव टक्का असतं. निम्मी अळशी घातली की खाद्यातलं कॅल्शियम दोन टक्क्यांवर येतं. दिवसाला ११० ग्रॅम खाणाऱ्या कोंबडीला त्यातून जेमतेम सव्वादोन ग्रॅम मिळतं आणि त्यातलंही सगळं अंगी लागत नाही. उरलेलं ती हाडांतून काढते.

मावशीच्या परसात मी शनिवारी जाऊन आले. दहा कोंबड्या. त्यांतल्या चार कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या होत्या. दोन अंडी हातात घेताच फुटली, कवच वहीच्या कागदाएवढं. एक लंगडत होती. मावशीचा चेहरा तेव्हा उतरला, गोळ्यांबद्दल बोलताना उतरला नव्हता.

हिरवट बलक. याच्याबद्दल ऐकून मला सर्वांत जास्त राग आला, कारण लोक खराब खाद्याची खूण औषधाची खूण म्हणून शोधायला लागले आहेत. अळशीने बलक हिरवा होत नाही. हिरवा होतो तो सरकीच्या पेंडीने. सरकीत गॉसिपॉल नावाचा पदार्थ असतो, तो बलकातल्या लोहाशी बांधला जातो आणि बलकाला शेवाळी, तपकिरी-हिरवी छटा येते. अंडं जितके दिवस ठेवाल तितकी ती गडद होते. सरकीच्या तेलातल्या आणखी एका आम्लामुळे पांढरा भाग गुलाबी होतो. मावशीकडे तेच झालं होतं, गोठ्यातल्या म्हशीसाठी आणलेली सरकी पेंड कोंबड्या उकिरड्यावर उकरून खात होत्या. अंडं जास्त वेळ उकडल्यावर बलकाभोवती जे हिरवट कडं येतं ते वेगळं, त्याला घाबरायचं कारण नाही. आणि गडद केशरी बलक हवा असेल तर तो मक्याने, हिरव्या पाल्याने, झेंडूच्या पाकळ्यांनी येतो. तेलबियांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

माशाचा वास म्हणजे ओमेगा, हेही चूक. मोहरीच्या पेंडीत सिनापिन असतं, त्यापासून कोंबडीच्या पोटात माशासारख्या वासाचं ट्रायमिथिलअमीन तयार होतं. बहुतेक कोंबड्या ते पचवतात. तपकिरी अंडी देणाऱ्या काही जातींत ते पचवणारं जनुकच बिघडलेलं असतं, म्हणून वास अंड्यात उतरतो. अळशी अति झाली किंवा खवट झाली तरी तसा वास येतो. आणि किनाऱ्यावरच्या घरांत आणखी सोपं कारण आहे. कोंबड्यांना जवळ्याचा चुरा आणि मासळीची घाण टाकतो ना आपण?

बुरशीच्या पेंडीबद्दल मात्र हात जोडून सांगते, ते करू नका. आपल्याकडे शेंगदाण्याची पेंड घाटावरून येते आणि जून ते सप्टेंबर आपली हवा इतकी दमट असते की उघड्या पोत्याला आठवड्यात बुरशी धरते. त्या बुरशीतलं विष म्हणजे अफलाटॉक्सिन. त्याचा शोधच मुळी पेंडीमुळे लागला. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाच्या वर टर्की पक्षी मेले, आणि कारण निघालं ब्राझीलहून आलेली बुरशीची शेंगदाणा पेंड. उन्हात वाळवली की वरची बुरशी झडते, पेंडीत उतरलेलं विष तिथेच राहतं. उकळूनही ते पुरतं जात नाही. कोंबडीचं यकृत त्याने बिघडतं, आणि बलक तयार होतो तो त्याच यकृताच्या जोरावर. पेंड थोडी आणा, फळीवर ठेवा, भिंतीला टेकवू नका. वास कुबट आला तर खड्ड्यात पुरा, गुरांनाही घालू नका.

डॉक्टर लपवतात म्हणे. ज्या कामाबद्दल मी वर लिहिलं ते १९८९ पासून छापलेलं आहे आणि ओमेगाची अंडी शहरातल्या दुकानांत उघड विकली जातात. लपलंय काय?

राहता राहिला मावशीचा खरा प्रश्न. "मगे ओमेगा खंयसून गावतला?" मालवणात राहून हा प्रश्न पडावा याचंच मला वाईट वाटलं. अळशीच्या अंड्यातलं ओमेगा ३ साधारण तीनशे मिलिग्रॅम, आणि त्यातलं बरंचसं वनस्पतीच्या जातीचं, हृदयासाठी ज्याचं नाव घेतात ते माशातलं त्यात शंभराच्या आतबाहेर. हंगामातल्या चरबी धरलेल्या तारल्यांच्या एका ताटलीत ते याच्या कितीतरी पट असतं. बांगड्यातही असतं. तिरफळ घालून केलेलं बांगड्याचं तिखलं मावशीइतकं चांगलं आमच्या घरात कुणाला जमत नाही.

तिने पाच किलो अळशी आणून ठेवली होती, तिचं काय करायचं म्हणून विचारत होती. हिशेब करून दाखवला. शेकडा दहा धरलं तर एक कोंबडी दिवसाला अकरा ग्रॅम अळशी खाते, त्यात ओमेगा ३ साधारण अडीच ग्रॅम, आणि अंड्यात पोचतं त्यातलं पाव ते एक तृतीयांश ग्रॅम. कोंबडी त्यातलं थोडं माशाच्या जातीचं करून देते, हे तिचं काम खरं. बाकीचं वाटेत संपतं. म्हणून दीड किलो मी माझ्या कोंबड्यांसाठी घेतली, भाजून, भरडून, शेकडा आठच्या हिशेबाने, शिंपल्यांच्या चुऱ्यासकट. उरलेली आम्ही दोघींनी त्याच दुपारी चुलीवर भाजली. लसूण, सुकी मिरची, थोडं सुकं खोबरं घालून चटणी कुटली. मावसभाऊ सोमवारी तिला स्टेंट बसवलेल्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. तीन आठवडे गोळ्या बंद होत्या हे त्यांना स्पष्ट सांगायला मी बजावलं होतं. दोन्ही गोळ्या सुरू झाल्यात, डबी आता चटणीच्या बरणीशेजारी ठेवली आहे.