दहा रुपयांच्या आतलं गुप्तधन

"भिया, कुछ निकला क्या?"

गेल्या आठ महिन्यांत हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारलाय, की आता कोणी नुसता नमस्कार केला तरी माझ्या तोंडून "नाही हो, अजून काही नाही" असंच निघतं.

दोष माझाच. निवृत्तीनंतर माणसानं भजनी मंडळात जावं, रामबागेत चार समवयस्कांत बसून एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करावी. मी मेटल डिटेक्टर घेतला. म्हणजे पुन्हा घेतला. पहिला मी 1978 साली जीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत असताना घरीच बनवला होता. आईच्या भरतकामाच्या लाकडी कड्यावर तांब्याची तार गुंडाळली, तिला ऑसिलेटर जोडला आणि शेजारी ट्रान्झिस्टर बांधला. दोन लहरी एकमेकींत मिसळल्या की शिट्टी वाजते आणि धातू जवळ आला की तिचा सूर बदलतो, एवढंच तंत्र. ट्रान्झिस्टर मधूनच विविध भारती पकडायचा, त्यामुळे मी अंगणात गुप्तधन शोधत असताना यंत्रातून फौजी भाइयोंच्या फर्माइशी चालू असायच्या.

त्या यंत्रानं उभ्या हयातीत एकच वस्तू शोधली. आजोबांचा अडकित्ता. तो आजीनंच, आजोबांची सुपारी सुटावी म्हणून, तुळशीवृंदावनामागं पुरला होता. आजोबांनी पाठ थोपटली, आजीनं महिनाभर अबोला धरला. तेव्हाच हे यंत्र मोडीत घालायला हवं होतं.

मग नोकरी, संसार, छत्तीस वर्षं विजेचे खांब. निवृत्तीनंतर मुलानं पुण्याहून नवं यंत्र पाठवलं, पडदा आणि आकडे असलेलं. जमिनीत लहरी सोडायच्या, धातूत उमटलेल्या प्रवाहाचं उत्तर परत घ्यायचं आणि त्यावरून आकडा दाखवायचा. लोखंड खालच्या आकड्यावर, चांदी वरच्या. सोनं मात्र मधेच कुठंतरी, आणि त्याच आकड्यावर गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पट्टी. आमच्या कॉलनीत रक्तदाबवाले निवृत्त लोक पुष्कळ. त्यामुळे मला सोनं रोज लागतं.

आणि गाव कुठलं, तर इंदूर! 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिलं म्हणून गाजणारं. इथं माणूस सहा प्रकारचा कचरा सहा डब्यांत घालतो आणि गाडीचं गाणं ऐकू आलं की हातातला चहा टाकून धावतो. जिथं जमिनीवर काही पडूच देत नाहीत, तिथं जमिनीत काय सापडणार? ज्या दिवशी सोड्याच्या बाटलीचं एखादं बूच मिळतं त्या दिवशी मला जुनं इंदूर भेटल्यासारखं वाटतं.

त्यात ही माळव्याची काळी माती. काळ्या खडकाची झीज होऊन झालेली, लोहाच्या कणांनी भरलेली. यंत्र आधी त्या मातीशी जुळवून घ्यावं लागतं, नाहीतर ते रिकाम्या जमिनीवरही लग्नातल्या सनईसारखं वाजत राहतं. सांवेरकडे एका मित्राच्या बटाट्याच्या शेतात मी अडीच तास फिरलो. मिळकत: ट्रॅक्टरची एक पिन, बैलाचा एक नाल आणि मित्राच्या आईचा सल्ला, "इतका खणतोसच, तर बटाटे तरी काढून दे."

स्वप्न म्हणाल तर एकच आहे. अहिल्याबाईंच्या काळातला, मल्हारनगरच्या म्हणजे इंदूरच्याच टाकसाळीचा, पिंडी आणि बेलपत्र असलेला रुपया. पण राजवाडा, छत्र्या, लालबाग या होळकरांच्या वास्तूंच्या बाजूला यंत्र पिशवीत घालूनसुद्धा न्यायचं नाही, हे मी ठरवून टाकलंय. शिवाय कायदा आहे. 1878 चा. जमिनीत दडलेलं दहा रुपयांच्या वरचं काहीही सापडलं, की कलेक्टरांना लेखी कळवायचं. दहा रुपये! तेव्हा तेवढ्यात काय काय येत असेल ते असो, आज छप्पन दुकानवर दहा रुपये पुढे केले तर पोहेवाला वरची शेव तरी टाकेल का, शंकाच आहे. मी दर रविवारी हिशेब करतो. आजवरची एकूण प्राप्ती: पाच पैशांची चौकोनी नाणी सात, वीस पैशांची षट्कोनी चार. बेरीज एक रुपया पंधरा पैसे. तीही जुन्या हिशेबानं, कारण ही सगळी चिल्लर 30 जून 2011 पासून चलनातच नाही. कलेक्टरसाहेब निर्धास्त आहेत.

पावसाळ्यात मात्र घात झाला. आठवडाभर झड लागली, बाहेर जाता येईना. मी घरातच यंत्र चालवायला घेतलं. पलंगाजवळ गेलो तर आतल्या स्प्रिंगांमुळे नुसता कल्लोळ. मी हिला सांगितलं, "टेलिफोनवाल्या बेलसाहेबांचंही असंच झालं होतं. 1881 साली गोळी लागलेल्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या अंगातली गोळी शोधायला गेले, आणि खाटेतल्या तारांनी घोळ केला."

"मग?"

"गोळी सापडलीच नाही. राष्ट्राध्यक्ष गेले."

"मग तुम्हीही पलंगापासून लांबच राहा," असं म्हणून ही स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याशी उभी राहून पुटपुटली, "एकदा काय ते पुरलेलं धन सापडू दे बाई, म्हणजे माझ्या कानांची सुटका होईल."

मी तिच्या मागोमाग यंत्र घेऊन आत शिरलो. घर जुनं, खालच्या फरशीत सळ्या नाहीत, म्हणून यंत्र गप्प होतं. गॅसच्या शेजारच्या कोपऱ्यात ते एकदम असं टणकन वाजलं, की कढईतली फोडणी ऐकू येईना. आकडा वरचा. तांबं किंवा चांदी, हातभराच्या आत. मी पुन्हा फिरवून पाहिलं. तोच आकडा, तीच जागा. हे घर बांधण्याआधी इथं शेत होतं. होळकरांच्या एखाद्या शिलेदाराचं असू शकतं! माझे हात थरथरायला लागले. मी छिन्नी-हातोडी आणायला वळलो.

"कुठं निघालात?"

"खाली काहीतरी पुरलंय. खात्रीनं."

"पुरलंयच," ही झारा हलवत म्हणाली. "वास्तुपुरुष आहे तिथं. वास्तुशांतीला तुम्हीच पुरलात, नवं धोतर सावरत. तीस-पस्तीस वर्षं सणासुदीला मी या कोपऱ्यात नैवेद्य ठेवते, तो काय मुंग्यांसाठी असं वाटलं तुम्हाला?"

मला खरंच मुंग्यांसाठी वाटलं होतं. मी यंत्र बंद केलं आणि फरशीवरच बसलो. एवढ्यात शेजारच्या वहिनी वाटी घेऊन दारात उभ्या. आवाज त्यांच्या घरापर्यंत गेला होता.

"काका, कुछ निकला क्या?"

"निघालं असतं," ही म्हणाली. "देवच निघाला असता." आणि माझ्याकडे वळून, बरोबर त्याच फरशीवर पाय रोवून, "आता या यंत्राचं एकदाचं..."

"अगं, थांब!" मी ओरडलो. "जे काय बोलायचं ते बैठकीत जाऊन बोल. इथं तो तथास्तु म्हणतो!"