तंबू वरच लागणार

आज दुपारी ऑफिसात डबा खाता खाता ग्रुप उघडला आणि घास हातातच राहिला. येत्या शुक्रवारी दुपारी निघायचं, रविवारी रात्री परत, असा आमचा बेत आहे. चार गाड्या, सतरा माणसं, त्यात सात पोरं. शारजाहून हत्ता, तिथून ओमानची हद्द, सोहार, रुस्ताक, मग वादी बनी औफमधून हजर डोंगर चढून वर शरफ अल अलमैन आणि पलीकडे अल हमरा. सकाळी मी ग्रुपवर दोनच गोष्टी लिहिल्या होत्या. मुक्काम वादीच्या पात्रात नको, वर कुठेतरी करू. आणि निघायच्या आदल्या दिवशी ओमानचा हवामानाचा इशारा बघून मगच जायचं की नाही ते ठरवू.

त्यावर एका भाऊजींचं उत्तर आलं, "वहिनी, आभाळ स्वच्छ आहे. तुम्ही फार टेन्शन घेता. खाली मऊ रेती आहे, पोरांना झोपायला बरं." आणि त्याखाली नऊ अंगठे.

अंगठे कुणाकुणाचे ते मी उघडून बघितलं. त्यातले चार जण त्या रात्री आमच्याबरोबर होते! म्हणून हे इथे लिहितेय. ग्रुपवर लिहिलं तर दहा मिनिटांत खाली जाईल.

गावाकडच्या मंडळींसाठी सांगते, वादी म्हणजे डोंगरातला ओढा. वर्षातले बहुतेक दिवस कोरडा. खाली गोटे आणि बारीक रेती, दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये समर नाहीतर सिद्राचं एखादं झाड. समर आपल्या बाभळीच्या जातीतला, सिद्र आपल्या बोरीच्या. वारा लागत नाही, जमीन सपाट, गाडी थेट तंबूपर्यंत जाते. मुक्कामाला याहून चांगली जागा नाही असंच कुणालाही वाटेल. आम्हालाही वाटलं होतं.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबर महिना, फुजैराच्या डोंगरातली एक वादी. धाकटी तेव्हा तीन वर्षांची होती. दिवस मावळायच्या आत तंबू लागले होते, तीन दगड मांडून चूल पेटवली होती, मसालेभात शिजत होता. सातच्या सुमाराला एक म्हातारा पिकअप घेऊन आला. मागे बकऱ्यांचा चारा. अंगात मळलेली कंदूरा, म्हणजे इथला लांब झगा, डोक्याला गुंडाळलेलं फडकं, हातात बारीक काठी. सलाम झाला. आम्ही चहा दिला, तो उकिडवा बसून प्यायला. पोरांकडे बघून हसला. मग उठला आणि काठीने समोरच्या समरच्या झाडाकडे दाखवलं.

फांदीत खजुराची एक वाळकी झावळी अडकली होती. तिच्याबरोबर कुजकं गवत, निळ्या नायलॉनच्या दोरीचा गुंता, आणि वाळून फांदीला चिकटलेला चिखल. माझ्या डोक्याच्या दोन हात वर. आणि त्या अख्ख्या वळणावर खजुराचं झाड एकही नव्हतं.

"पानी इधर तक आता," तो म्हणाला. "इधर नई सोना."

मी माणदेशातली. ओढ्याकाठच्या बाभळीला अडकलेला पाचोळा बघत लहानाची मोठी झाले. यंदा पाणी कुठवर चढलं ते आम्ही पोरं त्यावरून सांगायचो. आमचे आण्णा ओढ्याच्या वाळूत कधी गाडी सोडायचे नाहीत, बैल कितीही दमलेले असोत, सावली कितीही गार असो. दरडीवर चढवायचे आणि मग जू खाली ठेवायचे. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी त्या झाडाखाली तासभर कांदा चिरत बसले होते आणि वर मान करून बघितलं नव्हतं. आज त्या नऊ अंगठ्यांचा राग आलाय त्यात हाही राग आहे.

आता हे "आभाळ स्वच्छ आहे" प्रकरण. अरे, आपल्या डोक्यावरचं आभाळ स्वच्छ असून काय उपयोग? पाणी आपल्या डोक्यावरून येत नाही, वरून येतं, तीस-चाळीस किलोमीटरवरच्या डोंगरातून. हजरचे डोंगर नुसते उघडे खडक आहेत. माती नाही, गवत नाही, पाणी जिरायला जागाच नाही. आपल्याकडे पहिला पाऊस रान पिऊन टाकतं, मग ओढा येतो. इथे अर्धा तास जोराची सर आली की ते पाणी पत्र्यावरून उतरावं तसं सगळ्या घळींतून एकाच वादीत उतरतं. आणि कॅम्पिंगचा आपला हंगाम आणि इथला पावसाचा हंगाम एकच, थंडीचा. उन्हाळ्यातसुद्धा दुपारी डोंगरावर ढग जमून कोसळतात, पण तेव्हा आपण एसीत असतो म्हणून आपल्याला कळत नाही.

हवामानाच्या अॅपवर सूर्य दिसतोय म्हणे. कुठल्या गावाचा सूर्य? रुस्ताकचा. वादी बनी औफमधल्या बिलाद सैत गावाच्या वरच्या कड्यावर काय चाललंय ते रुस्ताकच्या सूर्याला काय विचारायचं!

त्या रात्री आम्ही सामान हलवलं. कुरकुर झाली, खोटं कशाला सांगू. अर्धा शिजलेला भात फडक्यात धरून दोघांनी वर नेला. वर म्हणजे फार नाही, दोन पुरुष उंचीवर एक टप्पा होता, सगळा दगडधोंड्यांचा. तंबूच्या खुंट्या ठोकता येईनात, दोऱ्या दगडांना बांधल्या. गाड्यांना वर यायला वाट नव्हती, त्या मागे नेऊन वादीच्या तोंडाशी उंचावर लावल्या. कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला आपल्याला इथून घालवायचं असेल. झोपताना पूर्वेकडे डोंगरामागे दोनतीनदा उजळल्यासारखं झालं. त्या बाजूला दगडाच्या खाणी आहेत, आम्हाला त्यांचे दिवे वाटले. आमच्या डोक्यावर चांदणं होतं. मृग नक्षत्र अगदी स्पष्ट.

पावणेतीनला जाग आली ती आवाजाने. लांबून खडीचा ट्रक रिकामा करावा तसा आवाज, पण थांबतच नव्हता. मग ओल्या मातीचा वास आला. मला क्षणभर गावी असल्यासारखं वाटलं. मग नवऱ्याने टॉर्च खाली मारली.

तांबडं पाणी. त्यावर फेस, काटक्या, आणि आत गोटे एकमेकांवर आपटत चाललेले, त्यांचा आवाज पोटात जाणवत होता. आमची चूल जिथे होती तिथे छातीभर तरी असेल. एक निळी घडीची खुर्ची आम्ही खालीच विसरलो होतो. ती टॉर्चच्या उजेडात एकदा वर आली, वळली आणि गेली. आम्हा कुणाच्याही अंगावर पावसाचा एक थेंब पडलेला नव्हता. धाकटी माझ्या कुशीत झोपलेली होती, तिला जागही आली नाही.

सकाळी आठपर्यंत पाणी ओसरलं. चुलीचे तीन दगडसुद्धा जागेवर नव्हते.

त्या चार जणांना हे आठवत नाही? ज्याने भाताचं पातेलं धरलं होतं त्यानेच आज अंगठा दिलाय. सात वर्षांत काही झालं नाही म्हणून विसरायचं?

बरं, सात वर्षं मागे कशाला जायचं. १६ एप्रिल २०२४ ला आपण सगळे इथेच होतो ना? अल ऐनच्या खत्म अल शकलाला चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलीमीटर पाऊस झाला. ज्या देशात वर्षाला सरासरी १०० मिलीमीटरच्या आसपास पडतो तिथे! आमच्या बिल्डिंगच्या तळघरातलं पाणी कितीतरी दिवस हललं नाही. आणि त्याच्या दोनच दिवस आधी ओमानात समद अल शानला शाळेची मुलं बसलेली गाडी वादीच्या पाण्याने ओढून नेली. मुलं गेली. त्या दिवशी ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडलेले पाठवले होते. तेच हात आज अंगठे झालेत.

त्यात भर रील करणाऱ्यांची. पाऊस पडला की हे लोक गाड्या घेऊन वादीकडे धावतात. वाहत्या पाण्यात गाडी घालायची आणि टपावर बसून शूटिंग करायचं. अमिरातीच्या सरकारने २०२३ मध्ये दंड ठरवून टाकलाय: पावसात वादीपाशी किंवा धरणापाशी जमलात तर १,००० दिरहम आणि लायसन्सवर सहा काळे पॉइंट, आणि पूर आलेल्या वादीत गाडी घातली तर २,००० दिरहम, २३ पॉइंट आणि गाडी ६० दिवस जप्त. दंड आहे म्हणून थांबायचं का? पोरं मागच्या सीटवर बसलेली असतात रे. त्यांनी नाही ठरवलेलं वादीत जायचं.

मान्य आहे, दहा रात्री वादीत झोपलात तर दहाही रात्री काही होणार नाही, बहुतेक. मान्य आहे, वर पाठ दुखते.

आणि माझ्या याद्या लांब असतात असं म्हणता ना, तर त्या का लांब असतात तेही ऐका. वादी बनी औफचा रस्ता कच्चा आहे, ठिकठिकाणी एकच गाडी जाईल एवढा, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काही नाही. समोरून गाडी आली तर चढणाऱ्याला वाट द्यायची, उतरणाऱ्याने मागे सरकायचं. म्हणून मी विचारते की नवशिक्या हातात गाडी देणार आहात का. उतारावर फोर-लो, म्हणजे चारही चाकांचा हळू चालीचा गियर, टाकून पहिल्या गियरमध्ये इंजिनावर गाडी सोडायची. ब्रेक दाबत उतरलात तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर पाय खाली जातो. टायरमधली हवा पस्तीस पीएसआयवरून पंचवीसपर्यंत आणायची म्हणजे धारदार दगडावर रबर फाटत नाही, आणि वर डांबरी लागली की परत भरायची, म्हणून कंप्रेसर. ओढायचा पट्टा टो-बॉलला, म्हणजे मागे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, कधीच अडकवायचा नाही, तो गोळा सुटला तर गोळीसारखा येतो. ओमानचा विमा गाडीच्या कागदांत असेलच असं धरू नका, हद्दीवर उभं राहून शोधत बसू नका. पेट्रोल रुस्ताकला फुल. पाणी माणशी दिवसाला पाच लिटर. फोनला रेंज जाते, म्हणून नकाशे आधी उतरवून घ्या, आणि शारजात कुणालातरी सांगून ठेवा की रविवारी रात्री दहापर्यंत आमचा फोन आला नाही तर काय करायचं. यातलं कुठलं टेन्शन आहे?

लाकडं विकत घेऊन यायची. मागच्या थंडीत शारजातल्या मलेहाच्या वाळूत आपल्यातल्याच एकाने घाफची फांदी मोडली चुलीसाठी, मी तेव्हा गप्प बसले, आज बोलते. घाफ म्हणजे आपली शमी. तेच झाड. दसऱ्याला शमीची पूजा करतो ना आपण? ते वाळवंटात कसं जगतं त्याला माहीत. आणि निखारे वाळूत पुरून जाऊ नका. वरून गार दिसतात, आत तासन् तास धग असते, आणि पहाटे अनवाणी पोर त्यावर पाय ठेवतं.

लिहिता लिहिता जरा शांत झालेय.

भाऊजी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. गेल्या वर्षी वाळूत माझी गाडी चेसिसपर्यंत रुतली तेव्हा तीन तास फावडं तुम्ही मारलंत, एकदाही चिडला नाहीत. माझ्या पोरींना तुमच्याइतकं कुणी हसवत नाही. म्हणून सांगते. बिलाद सैतची ती पायऱ्यापायऱ्यांची शेतं, खजुराच्या बागा, फलजचं, म्हणजे तिथल्या पाटाचं, झुळझुळ पाणी, हे सगळं मला तुम्हा सगळ्यांबरोबरच बघायचंय. दोन हजार मीटरवर शरफ अल अलमैनला सकाळी उठून चहा करायचा आणि काल आलो तो रस्ता खाली दोऱ्यासारखा पडलेला बघायचा, त्यासाठी गेला महिनाभर मी संध्याकाळी नकाशे उघडून बसतेय. मला बेत मोडायचा नाहीये.

तो म्हातारा चहा पिऊन निघून गेला. नाव विचारलं नाही आम्ही. दुसऱ्या दिवशी तोंडाशी असलेल्या वाडीत जाऊन शोधलं. एका घरापाशी तीच पिकअप उभी होती, पण तो बकऱ्या घेऊन डोंगरात गेला होता. घरातल्या बाईने आम्हालाच खजूर दिले. माझी धाकटी आता दहा वर्षांची आहे, तिला त्या रात्रीचं काही आठवत नाही, फक्त आमच्या तोंडून ऐकलंय. पण कुठेही गाडी थांबली की ती आधी उतरून झाडांच्या फांद्या बघून येते आणि मला सांगते, "आई, इथे काही अडकलेलं नाही."

तर बेत असा. गुरुवारी रात्री नऊला मी मस्कत आणि अबुधाबी, दोन्हीकडचे इशारे बघून ग्रुपवर टाकणार. ओमानच्या डोंगरांवर पावसाचा इशारा असेल तर बनी औफ रद्द, आपण मलेहाला वाळूत जाऊ, तिथेही चांदणं आहे. नसेल तर शुक्रवारी अडीचला निघायचं. पहिला मुक्काम रुस्ताकच्या अलीकडे उंचवट्यावर, दुसरा शरफ अल अलमैनला. वर रात्री गारठा असतो, पोरांना स्वेटर आणि कानटोप्या घ्या. पाठीसाठी जाड गाद्या मी आणते, सतरा. दुसरा कंप्रेसर कुणाकडे आहे ते आज झोपायच्या आत लिहा, आमच्याची नळी फाटलीय.