@ लावल्यानं फायलीची एरर जात नसते

"पीएचपीत फायलीची एरर येतीय? हे चार उपाय करा, परत दिसणार नाही." असा पीएचपी, म्हणजे वेबसाईटचा कोड लिहायच्या भाषेबद्दलचा एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. फाईल उघडणाऱ्या एफ-ओपनच्या आधी @ लावा, सगळं ट्राय-कॅचमधे (कोडनं फेकलेली एरर, म्हणजे एक्सेप्शन, पकडायची सोय) टाका, फाईल आहे का ते फाईल-एक्झिस्ट्सनं तपासा आणि फोल्डरला ७७७ परमिशन द्या. माझ्या भाच्यानं तो वाचून लातूरच्या एका आडत दुकानाच्या पट्टीच्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाच्या कोडात जागोजागी @ लावून ठेवलेत, म्हणून लिहायला बसलो.

अरे, @नं एरर जात नाही, ती दिसायची बंद होते! एफ-ओपन फसलं की वॉर्निंग देतं आणि फॉल्स (म्हणजे 'नाही') परत करतं, मॅन्युअलमधे सरळ लिहिलंय. वॉर्निंग दाबली तरी हातात फॉल्सच. मग त्याच फॉल्सवर फाईलीत लिहिणारं एफ-राईट चालवलं की पीएचपी ८ मधे टाईप-एरर (चुकीच्या प्रकारची गोष्ट दिल्याची एरर) येऊन स्क्रिप्ट तिथंच मरते, @ असला तरी, आणि बोट दाखवते एफ-राईटच्या ओळीकडं, मग परमिशन नव्हती का फोल्डरच नव्हतं हे शोधत बसा. पीएचपी ७ वर तर लईच वाईट, तिथं दोन्हीकडं @ असला की कोड गुपचूप पुढं जातो, स्क्रीनवर "सेव्ह झाली" येतं आणि शेतकऱ्याच्या सोयाबीनचं वजन, भाव, हमाली, तोलाई कुठंच लिहिलेलं नसतं. त्याचा हिशोब कोण देणार?

एक मान्य करतो, लगेच खालच्या ओळीत === नं (तंतोतंत तुलना करून) फॉल्स तपासून एरर-गेट-लास्टमधला, म्हणजे शेवटच्या एररचा, मेसेज लॉगमधे टाकत असाल तर @ चालतो. पण नेमकी तीच ओळ त्या मेसेजमधे नाही.

ट्राय-कॅचचं म्हणाल तर एफ-ओपन फाईल सापडली नाही म्हणून एक्सेप्शन फेकतच नाही, कॅच पकडणार काय? सेट-एरर-हँडलर लावून वॉर्निंगचं एरर-एक्सेप्शन करा, नाहीतर पीएचपीतलाच फाईल हाताळायचा क्लास, एसपीएल-फाईल-ऑब्जेक्ट वापरा, ते उघडताना फसलं की स्वतःच रनटाईम-एक्सेप्शन फेकतं. फाईल-एक्झिस्ट्सनं फाईल आहे एवढंच कळतं, लिहिता येईल का ते नाही, आणि तपासल्यावर उघडेपर्यंत दुसरी प्रोसेस ती उडवू शकते.

आणि ७७७ म्हणजे सर्व्हरवरच्या कुठल्याही युजरला तिथं लिहायची मुभा. फोल्डरचा मालक पीएचपी ज्या युजरवर चालतं तो करा, ७५५, म्हणजे लिहायची मुभा फक्त मालकाला, एवढं पुरतं.